पहिल्या पानावरची छोटी सही

कंपनीत तिला सगळे ‘बिनहरकत’ म्हणायचे. तोंडावर ‘बिनहरकत बाई’, पाठीमागे नुसतंच ‘बिनहरकत’. माहितीपट काढणारी ती तीन खोल्यांची कंपनी. एका खोलीत यंत्रं, एकीत माणसं आणि तिसरीत ही आणि हिची कपाटं. ज्याच्यावर कॅमेरा रोखला त्या प्रत्येकाकडून दोन पानी संमतीपत्र लिहून घ्यावं लागतं. ‘माझं चित्र, माझा आवाज आणि मी सांगितलेली हकिगत कंपनीने कुठेही, कधीही, कशीही वापरली तरी माझी काहीही हरकत नाही.’ या वाक्याखाली माणसाची सही नसेल, तर चार महिने घाम गाळून केलेलं काम कंपनीची वकीलबाई सरळ कचऱ्यात टाकायला लावते. ती सही आणणं हे हिचं काम. एकवीस वर्षांत एकही माणूस तिच्या हातून निसटला नव्हता, आणि हे ती स्वतःच सांगायची, कुणी विचारलं नाही तरी.

दिसायला अगदी साधी, कुणाचीही मावशी शोभेल अशी. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत चिमटा लावलेला पुठ्ठा, चार निळी पेनं, अंगठ्यासाठी शाईची डबी आणि पाण्याची बाटली. त्या बाटलीबद्दल सांगितल्याशिवाय ही बाई कळायची नाही.

कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस बोलता बोलता रडतो. रडून झालं की त्याच्या घशाला कोरड पडते. आजूबाजूचे भले लोक पाणी आणायला धावतात, आणि बिनहरकत त्यांना नुसत्या डोळ्यांनी दटावून जागच्या जागी बसवायची. तिचा अनुभव असा, की पाणी प्यायलं की माणूस भानावर येतो. मग तो विचारतो, ‘हे कोण कोण बघणार?’ मग म्हणतो, ‘घरी विचारून सांगतो.’ की संपलंच. म्हणून डोळे पुसून झाले रे झाले, की पाण्याच्या आधी पुठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवायचा, टोपण काढलेलं पेन बोटांत द्यायचं आणि म्हणायचं, “इथे एक. आणि पहिल्या पानावर खाली छोटी सही.” ती छोटी सही तर हवीच. सगळ्या अटी पहिल्या पानावर, मोठी सही दुसऱ्या पानावर. छोटी सही राहिली तर कुणीही म्हणेल, पहिलं पान मला दाखवलंच नव्हतं, आणि आख्खा कागद रद्दी. दोन्ही सह्या झाल्या की मग बाटली बाहेर यायची. “आता पाणी प्या हं.” आवाजात इतकी माया, की सही करणाऱ्याला वाटावं, या एवढ्या माणसांत आपली काळजी हिलाच.

ही विद्या ती इस्पितळात शिकली. तरुणपणी ती एका मोठ्या इस्पितळाच्या खिडकीत बसायची, शस्त्रक्रियेआधीच्या कागदांवर नातेवाइकांच्या सह्या घ्यायला. आत माणूस टेबलावर, बाहेर बायको थरथरतेय, आणि ही सांगतेय, “इथे, इथे आणि इथे.” घाबरलेला माणूस वाचत नाही, हे तिला तिथे कळलं. कंपनीचा दिग्दर्शक एकदा त्या इस्पितळावर माहितीपट करायला आला, आणि हिने दोन तासांत चाळीस रुग्णांचे कागद पुरे करून त्याच्या हातात ठेवले. त्याने तिला तिथल्या तिथे उचललं. सोनार सोनं पारखतो तसं त्याने पारखलं म्हणायचं, फक्त हे सोनं नव्हतं.

आणखी एक युक्ती तिची स्वतःची. कुणी फारच आढेवेढे घ्यायला लागलं, तर ती पुठ्ठ्यावरचा वरचा कोरा कागद स्वतःकडे ओढायची. “हे बघा, मी आधी करते.” असं म्हणून स्वतःचं नाव, पत्ता, मोठी सही, छोटी सही, वर अंगठासुद्धा. “झालं! तुटला का माझा हात?” समोरचा हसायचा आणि सही करायचा. कागदांवर अनुक्रमांक छापलेले असायचे आणि एकही क्रमांक गहाळ झालेला तिला खपायचा नाही. म्हणून ती स्वतःचा तो कागदही बाकीच्यांबरोबर फायलीत लावून टाकायची. प्रत्येक माहितीपटाच्या फायलीत असे तिचे दोन-तीन तरी कागद होते. नमुन्याचे. त्यांच्याकडे पुन्हा बघायचं कुणाला काय कारण?

दारूपायी नवरे गमावलेल्या बायकांवर कंपनीने एक माहितीपट केला होता. त्यात लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई होती. कॅमेऱ्यासमोर ती सांगून बसली, की शेवटच्या दिवशी नवरा दार ठोठावत होता आणि तिने मुद्दाम कडी काढली नाही. तो जिन्यातच गेला. सांगून ती रडली, आणि बिनहरकतीने नेहमीच्या वेळी नेहमीचं काम उरकलं. तीन आठवड्यांनी ती इस्त्रीवाली ऑफिसात आली. हात पुढ्यात घट्ट धरलेले, बोटांवर जुने चटके.

“बाई, तेवढं कडीचं काढून टाका. माझ्या मुलाला माहीत नाही.”

बिनहरकतीने तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि फाइल काढून पाचवं कलम दाखवलं. एकदा दिलेली संमती मागे घेता येणार नाही.

“तुम्हाला वाचता येतं ना?” तिने गोड आवाजात विचारलं.

“येतं हो. पण तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.”

हे उत्तर बिनहरकतीला इतकं आवडलं, की तिने ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं आणि घरी जेवताना मुलीलाही. मुलगी हसली नाही. माहितीपट लागला, इस्त्रीवालीच्या मुलाने तो पाहिला, आणि तो घर सोडून गेला. तिने मग कुठल्याशा कार्यालयात तक्रार केली. तक्रारीचं काही झालं नाही, पण कंपनीची वकीलबाई धास्तावली आणि तिने एक नवा नियम काढला. माहितीपटात दुसऱ्या कुणाबद्दल खासगी काही सांगितलं असेल, त्याचं नाव किंवा फोटो येत असेल, तर त्या माणसाला तेवढा भाग आधी दाखवायचा आणि मग त्याची सही घ्यायची. सही नाही तर भाग नाही. बिनहरकत तेव्हा फणकारली होती. “दाखवून सही मागायची, तर मग मी कशाला हवी?”

आता मुलीबद्दल. अठ्ठावीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. मायलेकी दोघीच राहायच्या. बापाचं नाव घरात निघायचं नाही, आणि ते का निघत नाही ही हकिगत मुलगी लहानपणापासून ऐकत आली होती. बापाला ती नको होती. तो म्हणाला, हे मूल पाडून टाक. आई सगळ्यांशी भांडली, एकटी उभी राहिली, मूल ठेवलं आणि त्याला सोडलं. शाळेत ‘माझी आई’ या विषयावर मुलीने हेच लिहिलं होतं आणि बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. तीन वर्षांपूर्वी बाप मरायला टेकला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, शेवटी त्यालाच उचलून न्यायची वेळ आली. त्याने निरोप पाठवला, एकदा येऊन जा. मुलगी गेली नाही. त्याने पुन्हा पाठवला. तिने उत्तर लिहून पाठवलं, “मी जन्माला यायला नको होते ना? मग समजा आलेच नाही.” ते उत्तर त्याला कुणीतरी वाचून दाखवलं. दोन दिवसांनी तो गेला. बिनहरकतीने त्या दिवशी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “बरोबर केलंस.”

जी हकिगत खोटी असते ती सांभाळायला पहाऱ्याला माणूस लागतो. ही बाई अठ्ठावीस वर्षं पहाऱ्यावर उभी होती, आणि एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागावी तसं झालं.

एकट्याने मुलं वाढवलेल्या आयांवरचा माहितीपट चालला होता. बंद पडलेल्या शाळेचा एक वर्ग भाड्याने घेतलेला, खिडकीशी एक खुर्ची. बोलणारी बाई येण्याआधी कॅमेरामन उजेड जमवायचा, त्यासाठी खुर्चीत कुणीतरी बसायला लागायचं, आणि वर्षानुवर्षं बिनहरकतच बसायची. आवाज जमवायला काहीतरी बोलायचं असायचं. ती संमतीपत्र तोंडपाठ म्हणायची, सगळे हसायचे. त्या दिवशी दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून म्हणाला, “बाई, ते आमचं पाठ झालंय. आज मी विचारतो तेच सांगा. हे मूल नको होतं, असं कधी वाटलं?”

हा प्रश्न तो त्या दिवशी सगळ्याच आयांना विचारणार होता. उजेड ऊबदार होता. समोर रोजची माणसं. इतकी वर्षं दुसऱ्यांची मनं उघडी पडताना पाहून तिच्याच जिभेची कडी सैल झाली असेल, दुसरं काय.

“वाटलं म्हणजे काय,” ती म्हणाली. “तीनदा गेले होते मोकळी व्हायला. आमच्याच इस्पितळात. नवऱ्याची सही लागायची, तिथला नियमच तसा. त्याने नाही दिली. पायरीवर बसून राहिला, दिवसभर. म्हणाला, मी सांभाळीन, तू नुसती जन्माला घाल. मी पेन हातात कोंबलं, शिव्या घातल्या, लोकांसमोर थोबाडीतसुद्धा मारली. नाहीच केली.” मग ती हसली. “सगळ्या जगाच्या सह्या आणल्या मी. तेवढी एक नाही मिळाली. म्हणून ही मुलगी आहे.” आणि मोबाइलवरचा मुलीचा फोटो कॅमेऱ्याकडे धरून म्हणाली, “ही बघा. अजूनही कधी कधी वाटतं, त्याने त्या दिवशी मुकाट्याने सही केली असती तर.”

कॅमेरामन म्हणाला, “आवाज ठीक आहे.” खरी बाई आली, बिनहरकत खुर्चीतून उठली. ती बाई सही करायला कचरत होती, तेव्हा हिने नेहमीप्रमाणे कागद ओढला, “हे बघा, मी आधी करते,” आणि तो भरून फायलीत लावला. क्रमांक चौदा.

चार महिन्यांनी कंपनीतल्या सगळ्यांना बसवून माहितीपट दाखवला. त्याची सुरुवातच बिनहरकतीने होत होती. खिडकी, ऊबदार उजेड, तिचं हसणं, फोटो. दिवे लागल्यावर ती दिग्दर्शकाच्या टेबलाशी गेली.

“सर, ते उजेडासाठी होतं.”

“उजेड सुरेख आलाय, बाई.”

“तेवढं काढून टाका. माझ्या मुलीला माहीत नाही.”

आपण कुणाचं वाक्य बोललो हे तोंडातून निघता निघताच तिला कळलं. दिग्दर्शकालाही कळलं असावं, कारण त्याने तिला खुर्ची दिली आणि चहा मागवला. मग फाइल उघडून क्रमांक चौदा तिच्यासमोर ठेवला. नाव, पत्ता, मोठी सही, छोटी सही, अंगठा. तिच्याच सुबक अक्षरात.

“हा नमुन्याचा कागद आहे.”

“असं त्यावर कुठे लिहिलंय?” तो अगदी प्रेमाने म्हणाला. “पाचवं कलम तुम्हाला मी काय सांगायचं. आणि बाई, एकवीस वर्षांत याच्याइतकं खरं मला कुणी दिलं नाही. याला मी हात लावणार नाही.”

तिने हात जोडले, नोकरी सोडते म्हणाली, रडलीसुद्धा. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत हळहळ होती, आणि ‘हेही कॅमेऱ्यात घेता आलं असतं’ अशी हळहळही होती. ती उठणार तेवढ्यात तो म्हणाला, “मुलीची सही मात्र लागेल. तिचा फोटो आहे. वकीलबाई अडून बसल्या आहेत.”

बिनहरकतीचा जीव भांड्यात पडला. सही नाही तर भाग नाही! ज्या नियमावर ती फणकारली होती तोच आता देवासारखा धावून आला. तिने झटकन डोळे पुसले. “मीच आणते. तिच्याकडे दुसरं कुणी जायला नको.” मनात हिशेब पक्का. दोन दिवस कागद पिशवीत ठेवायचा, तिसऱ्या दिवशी कोरा परत आणायचा, नाही म्हणाली म्हणून सांगायचं. या कानाचं त्या कानाला कळणार नाही.

“आणाच,” दिग्दर्शक म्हणाला. “भाग मी सकाळीच तिच्या मोबाइलवर पाठवलाय. आधी दाखवायचा नियम आहे ना.”

मुलीच्या दुकानापर्यंत ती कशी पोचली ते तिचं तिला ठाऊक. भर दुपार, गिऱ्हाईक नव्हतं. मुलगी आतल्या तपासणीच्या अरुंद खोलीत होती. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचं पिंप, मधे उंच खुर्ची. मुलीने त्या खुर्चीकडे बोट दाखवलं. आई गिऱ्हाइकासारखी तिच्यात बसली. मुलगी रडलेली दिसत नव्हती, आणि आईला पहिली भीती त्याचीच वाटली.

“अगं, मी सांगते तुला,” तिने सुरुवात केली आणि घसा कोरडा पडला. “जरा पाणी दे.”

“थांब. आधी कागद काढ.”

“कागद कशाला? तू सही करायची नाहीस. तुझी सही नसेल तर ते दाखवताच येत नाही. जगातल्या कुणाला कळणार नाही.”

“मला कळलं ना.”

“तेव्हा मी वेगळी होते गं. वय काय माझं. नंतर तुझ्यासाठी मी किती...”

“बाबा पायरीवर बसले होते,” मुलगी म्हणाली. “दिवसभर. पाऊस होता की ऊन?”

आई पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“पाऊस होता की ऊन, आई?”

“ऊन,” आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. खुर्चीच्या लोखंडी हातांना धरून ती रडायला लागली. नको करूस म्हणाली, पाया पडते म्हणाली. लोकांना सही करायला लावणारी जेवढी म्हणून वाक्यं तिच्याकडे होती, ती सगळी तिने उलटी करून वापरली. घाई काय आहे. घरी जाऊन विचार कर. एकदा गेलं की परत येत नाही. पण ही वाक्यं तिने कधी वापरलेलीच नव्हती, त्यांना धार नव्हती. मुलीने तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच उतरवली, पुठ्ठा काढला आणि कागद वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, पहिल्या कलमापासून. एकवीस वर्षांत तो कागद पूर्ण वाचणारी ती पहिलीच.

“अक्षर फार बारीक ठेवलंय तुम्ही,” मधेच ती म्हणाली. “चांगल्या डोळ्यांनाही त्रास होईल.” आणि पुढे वाचत राहिली. कुठेही, कधीही, कशीही. मागे घेता येणार नाही. माझी काहीही हरकत नाही.

“तुझीसुद्धा छी थू होईल त्यात,” आई हुंदके देत म्हणाली. “लोक तुला बोलतील. मरणाऱ्या बापाला...”

“बोलू देत. ते मी केलंच आहे.” तिने पेनचं टोपण काढलं. “बाबांनी सही केली नाही तेव्हा तू त्यांना थोबाडीत मारलीस. मी करते आहे, तर रडतेस.”

दुसऱ्या पानावर तिने सावकाश सही केली आणि पहिलं पान पुन्हा वर घेतलं.

आईचे डोळे पाण्याने भरलेले होते, पण हा एक कागद तिला आंधळेपणीही वाचता आला असता. पहिल्या पानाचा तळ कोरा होता. छोटी सही राहिली होती. हा कागद असाच वकीलबाईंकडे गेला तर रद्दी. दिग्दर्शक पुन्हा सही मागेल, पण तोवर दिवस जातील, पोरीचा राग उतरेल, काहीतरी करता येईल. फक्त गप्प बसायचं होतं. तिने पुठ्ठ्याकडे हात नेला.

मुलीने तो सोडला नाही. “अजून कुठे राहिली का सही?”

आईने मान खाली घातली.

“आई, माझ्याकडे बघ. एकदा तरी मला खरं सांग. राहिली का?”

भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं तिला विरघळल्यासारखी दिसत होती. तिने हात उचलला आणि पहिल्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. आवाज फुटला तो कामावरचा, रोजचा. “इथे. छोटी.”

मुलीने छोटी सही केली. पेनला टोपण लावलं, पुठ्ठा आईच्या पिशवीत नीट घातला. मग कोपऱ्यातल्या पिंपाशी जाऊन तिने ग्लास काठोकाठ भरला आणि आईच्या हातात दिला.

“आता पाणी पी हं,” ती म्हणाली. जेवताना आईने इतक्यांदा करून दाखवलेला तो आवाज तिला अगदी हुबेहूब जमला.

आईने ग्लास दोन्ही हातांनी धरला. तिला खरोखरच फार तहान लागली होती.